नोंद नाही

पहिल्यांदा सरासरी काढली तेव्हा
खानापूर तालुक्यातल्या कर्त्या पुरुषांचं वय आलं
एकशे एकोणतीस.
सर म्हणाले, नऊशे नव्याण्णव काढायचे राहिले तुमचे.

नऊशे नव्याण्णव म्हणजे उत्तर नाही.
इतकं कुणी जगत नाही,
एवढाच त्यामागचा विचार.

मग लूप लिहिला. चार ओळींचा.
पहिल्या रकान्यापासून चौसष्टाव्यापर्यंत
प्रत्येकापाशी जा, नऊशे नव्याण्णव दिसला की पूस,
जागा मोकळी ठेव, पुढे हो.
विश्रामबागेतल्या त्या खोलीत
चहा गाळेपर्यंत काम झालं होतं.
मोकळ्या जागा: दोन हजार एकशे सात.

विट्याचा माग बरा,
धागा तुटला की खटकन थांबतो.

सर म्हणाले, अर्धवट ओळी गाळून टाका.
गाळल्या.
चारशे बारा घरांतली एकशे त्र्याहत्तर उरली,
आणि तालुक्यातला प्रत्येक पुरुष
संध्याकाळी घरी जेवायला आला.

जे गलाईला गेले, परमुलखात
दुसऱ्यांचं सोनं गाळत बसले,
त्यांनाच मी गाळलं होतं.

कपाटातून कागदी फॉर्म काढले.
रजिया मुलाणीने भर मे महिन्यात फिरून भरलेले.
समासात शिसपेन्सिलीने:
कुलूप. शेजारीण म्हणते, समदी कोइमतूरला.
वय विचारलं. म्हणाल्या, गेला तेव्हा बावीसचा होता.
उत्पन्न: हसल्या. आत जाऊन पाणी आणलं.
मुले: आधी तीन म्हणाल्या. मग दोन.
आणि शेजारच्या चौकटीत प्रत्येक वेळी
तेच, नऊशे नव्याण्णव,
तिच्या गोल, शाळकरी अक्षरात.

समासाला रकाना नव्हता.

आता मोकळ्या जागांना अक्षरं देते आहे.
क म्हणजे कुलूप. न म्हणजे नकार.
ह, हसल्या.
हे लूपला जमत नाही, एकेक फॉर्म हाताने उलटावा लागतो,
सर विचारतात, अहवाल कधी.

दोनशे अडतीस नंबरचा फॉर्म
पहिल्यापासून शेवटपर्यंत नऊशे नव्याण्णव,
समास कोरा.
रजियाला फोन केला.
बराच वेळ मागे कुणाची तरी शिट्टी होत होती कुकरची.
मग म्हणाली, त्या घरात तासभर बसले होते मॅडम.
सगळं सांगितलं त्यांनी.
लिहावंसं वाटलं नाही.

त्या ओळीला
अजून अक्षर मिळालेलं नाही.