मुद्दा तेवीस, तिसरं प्रूफ

रात्री पावणेदहाला पोतनीस आला पेनड्राइव्ह घेऊन.
"ताई, मुद्दा तेवीस बदललाय. तेवढा बघा.
सकाळी सातला गठ्ठे दादरला हवेत."

आमचा पक्ष सत्तेत आल्यास तपासणीराज बंद करील.
उद्योजकावर विश्वास, हेच आमचे धोरण.
अनावश्यक सरकारी निमंत्रण हटवू.

निमंत्रण.
'मं'वर काट मारली, समासात 'यं' लिहिला.
पोतनीस हसला. "जाहीरनामा वाचतं कोण, ताई,
आणि वाचलाच तर ऱ्हस्वदीर्घ कोण बघतं?"
मी बघते. तासाला एकशे दहा रुपये.
लोअर परळच्या या गाळ्यातलं
शेवटचं तपासणीराज बहुतेक मीच.

नागवेकरशेठ खूश.
त्यांच्या भिंतीवर अकरा दाखले फ्रेममध्ये,
मधे गणपती, अंग चोरून बसलेला,
बारावा आला तर आपलाच खिळा जाणार म्हणून.
मुद्दा तेवीस त्यांनी दोनदा वाचून घेतला
आणि बिलातले पाच टक्के सोडले.
त्यांचंही खोटं नाही.
इन्स्पेक्टर यायचा तो मशीनकडे पाठ करून बसायचा,
बशीतला चहा संपेतो पाकीट,
दिवाळीला दोन किलो काजूकतली,
आणि वहीत शेरा: समाधानकारक.

एकदाच एक बारस्करबाई आल्या, नव्या.
चहा नको म्हणाल्या.
कटिंग मशीनपाशी उकिडव्या बसल्या,
डाव्या बटणात खुपसलेली बांबूची काडी
उपसून पर्समध्ये टाकली.

दोन बटणं, दोन हात, तेव्हाच पातं खाली.
एवढाच तो नियम.
काडी लावली की एक हात मोकळा राहतो
कागद सरकवायला.
इनायत फकीचा राहिला होता,
आदल्या मार्चमध्ये, लग्नपत्रिकांच्या घाईत.

बाई गेल्यावर सगळ्यात जास्त कुरकुरला तोच.
हजारामागे वीस मिनिटं जादा लागतात म्हणे.
सहा महिन्यांत बाईंची बदली झाली.
आठवड्यात नवी काडी आली.

खणात मागचा जाहीरनामा पडलाय.
त्या वर्षी शिवडीला एक लिफ्ट कोसळली होती,
तेव्हाचा मुद्दा तेवीस:
तपासणी कठोर करू, दोषींची गय नाही.
फाइल तीच, फॉन्ट तोच,
आणायलाही पोतनीसच आला होता,
फक्त केस काळे होते.

साडेबाराला छपाई उरकली.
मुखपृष्ठावर नेते हात जोडून,
कोपराबाहेर तीन मिलिमीटर
कापायला सोडलेले.
इनायतने गठ्ठा ठोकून सारखा केला.
"काय लिहिलंय यंदा?"
मी वाचून दाखवलं.
तो बोटाच्या अर्ध्या पेराने कान खाजवत राहिला.
"विश्वास म्हणजे," म्हणाला, "कुणाचा, कुणावर?"
पोतनीस फोनवर होता.

मग इनायतने काडी काढली,
कानामागे खोचली, माझ्या पेन्सिलीसारखी.
"सातला नाही पोचणार," म्हणाला.
उजवं बटण. डावं बटण.
साडेनऊ बोटं.
पातं खाली आलं, सावकाश, कायद्याने यायचं तसं.

हजारामागे वीस मिनिटं.
वीस हजार प्रती.
पोतनीस दारात उभा, घड्याळ बघत,
आणि हिशोब त्याला
तोंडी काही जमत नव्हता.