कोमट

सातव्या पत्रावर बोट ठेवून
पाळक आढाव थांबले.
नळाला आज अकरावा दिवस. जालन्यात
टँकरचं पाणी टाकीत पडेतो
ना गार, ना कढत;
लावदिकीया कुठं आहे
हे कुणाला नकाशात दाखवावं लागलं नाही.

कमिटीचा परवाचाच ठराव :
मंडळीचा बोअर मंडळीपुरता.
फाटकाला नवं कुलूप,
किल्ली खजिनदारांच्या खिशात
दानपेटीच्या किल्लीला लागून.

वाचन पुढं सरकेना.
फाटकावर कुणी घागर आपटत होतं,
रिकामी,
थांबून थांबून.

‘पोरं असतील वस्तीवरची,’ खजिनदार पुटपुटले.

शलोमीमावशीला अक्षर येत नाही.
तेवढी उठली,
भर उपासनेत त्यांच्यापुढं तळवा धरला :
‘किल्ली द्या, भाऊ.
पत्र आलंय.’