मेहुण्याचे बूट

दिवस उजाडतो तिथून आम्ही तास मोजतो,
म्हणून आमची मध्यरात्र म्हणजे रात्रीचे सहा.
अदिस अबाबात तेव्हा सहाला संचारबंदी लागायची.
सहानंतर रस्त्यावर फक्त शिपाई, कुत्री
आणि निलगिरीच्या सरपणाचा धूर.

हे सांगतोय मी, असरात, पियासातला घड्याळजी,
म्हणजे वेळेबद्दल तरी माझ्यावर विश्वास ठेवा.

हॉटेलच्या हॉलमध्ये मेरावी वाजवणार होता. सॅक्सोफोन.
दोन महिने कॉफी सोडून तिकीट काढलेलं.
कोट माझा, शर्ट माझा,
बूट मेहुण्याचे, एका मापाने लहान.
त्याला पहाटे चौकात संचलनाला जायचं होतं.
अनवाणी गेलेल्याचं नाव लिहून घ्यायचे,
आणि त्या वर्षी नाव लिहिलं जाणं म्हणजे काय
ते इथे नको.

आधी एक गायिका, मग दुसरा गायक,
मग स्वतःच्याच विनोदाला हसणारा निवेदक.
मग तो. काटकुळा,
कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं जास्तीचं भोक.
दोन गाणी वाजवली. चांगली. रेडिओवर लागायची तशीच.
मी टाळ्या वाजवल्या, टेबलाखाली टाचा मोकळ्या केल्या.

साडेपाचला वेटर सांगत फिरला:
जाणाऱ्यांनी निघा, राहणाऱ्यांना
आता उजाडल्याशिवाय दार उघडणार नाही.
झेनेबेने माझी बाही धरली. ‘बस की रे.’
मी बुटांकडे पाहिलं.

जिन्यात होतो तेव्हा वर एक सूर लागला.
लांब, कडेला जरासा उसवलेला,
तिन्हीसांजेला आई दारातून हाक मारते
आणि नाव अर्ध्यावरच तिच्या तोंडात राहतं, तसा.
पाय तिथेच घुटमळला.
पहारेकरी म्हणाला, ‘आत की बाहेर?’
बाहेर, मी म्हणालो.
मागे अडसर पडला.

उतारावरून घरापर्यंत बूट चावत राहिले.
आणि सकाळी मेहुणा गेलाच नाही संचलनाला.
अंगात कणकण आहे म्हणाला, कूस बदलली.
बूट दिवसभर दारात,
एक उभा, एक आडवा.

तिकडे आत काय झालं ते मला झेनेबेकडून कळलं.
दिवे गेले. मेणबत्त्या लावल्या.
माईक बंद, म्हणून मेरावी खाली उतरून टेबलांमधून फिरत राहिला,
एकच धून, उजाडेपर्यंत,
एक लष्करी अधिकारी टोपी तोंडावर धरून रडला.
हे पहिल्या वर्षी.
पुढे अधिकारी दोन झाले, मग टोपी गेली,
मग धून एकाच्या तीन झाल्या.
गुणगुणून दाखव म्हटलं की झेनेबे डोळे मिटतो
आणि जे काढतो ते
बसच्या भोंग्यासारखं असतं.
ध्वनिमुद्रण कुणी केलं नाही. कोण करणार, वीजच नव्हती.

तीस वर्षांनी मेरावी माझ्या दुकानात आला.
घड्याळाचा पट्टा तुटलेला. मी ओळखलं.
बोलू नये असं ठरवलं आणि बोललो.
त्या रात्रीबद्दल, दिव्यांबद्दल, बुटांबद्दलसुद्धा.
तो भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत होता,
प्रत्येकात वेगळी वेळ.
म्हणाला, ‘आठवत नाही.
अशा पुष्कळ रात्री अडकलो.
मला घरी जायचं असायचं.
बायको एकटी असायची.’

मनगट एवढं बारीक झालं होतं
की नव्या पट्ट्याला एक भोक जास्त पाडावं लागलं.
पट्ट्याचे पैसे घेतले. भोकाचे नाही.

माझ्याजवळ आहे तो जिन्यातला सूर.
झेनेबेला परवा विचारलं, मी गेल्यावर पहिलं काय वाजवलं त्याने?
तो म्हणाला, छे, तू गेल्यावर अर्धा तास कुणी काहीच वाजवलं नाही,
सगळे जेवायला बसले.
खुर्ची सरकवली असेल कुणी
फरशीवर.

असेल.
दुकान बंद करताना मी कधीकधी
स्टूल जरा मागे ओढतो.
नाही, ती खुर्ची
लाकडाची असणार.