तऱ्हा

गावात आम्ही एकशे तेरा.
मला धरून.
मला सोडून एकशे बारा, असं कुणी म्हणत नाही,
पण कॉफीच्या टेबलाभोवती खुर्च्या
तशाच लावलेल्या असतात.

मासळीच्या कारखान्यात मी काटे काढते.
कॉडच्या पाठीतून, चिमट्यानं, एकेक.
हात चालतोय तोवर माझ्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं.
दहाला भोंगा होतो
आणि मग बोलावं लागतं.

बेइंटा विचारते, कशी आहेस, रान्वा?
मी सांगते :
उजव्या मोज्याची शिवण अंगठ्याखाली आलीय,
छताची तिसरी ट्यूब सकाळपासून गुणगुणतेय,
आणि काल तू हेच विचारलंस
तेव्हाही उत्तर संपायच्या आत उठून गेलीस.
ती हसते. म्हणजे तिचे दात दिसतात.
हसण्याच्या जाती मला ओळखता येत नाहीत.
माशांच्या येतात.

तऱ्हेवाईक, म्हणतात.
हानुसची ती तऱ्हेवाईक मुलगी.
मुलगी सेहेचाळीस वर्षांची आहे.

हानुस, म्हणजे बाबा, देवळाची किल्ली सांभाळायचे.
शनिवारी संध्याकाळी काळ्या फळीवर
उद्याच्या स्तोत्रांचे आकडे लावायचे.
लाकडी, पांढरे. मी खाली पेटी धरून.
तीनशे सात. चव्वेचाळीस. एकशे एकोणनव्वद.
साताचा खिळा सैल. सात नेहमी कलायचा,
समुद्राकडून वारा लागल्यासारखा.
बाबा त्याला बोटानं सरळ करत
आणि म्हणत, नीट उभा राहा रे.
एवढंच आमचं बोलणं.
वीस वर्षांचं.
कमी पडलं नाही.

त्यांच्या मयताच्या दिवशी आकडे दुसऱ्या कुणी लावले होते.
पाद्री बोलत होते, सगळे पेटीकडे बघत होते,
मी साताकडे.
तो इतका कलला होता
की पाद्रींचा एकही शब्द माझ्यापर्यंत पोचेना.
मी उठले. बूट वाजले.
फळीपर्यंत सतरा पावलं.
नीट उभा राहा रे,
म्हटलं,
बहुतेक मोठ्यानं.

नंतर सूपच्या वाफेपलीकडून ऐकू आलं :
डोळ्यांतून टिपूस नाही.
बाप पेटीत, आणि ही आकडे लावतेय.
मी वाटी खाली ठेवली.
वाटीच्या कडेला टवका उडालेला होता. तो आठवतो.

मागल्या वर्षी तोर्सहावनच्या डॉक्टरीणबाईंनी
मला एक शब्द दिला. ऑटिझम.
चार पानं, खाली शिक्का.
बोटीतून आणला, कोरड्या पिशवीत,
नव्या चिमट्यासोबत.
बेइंटाला दाखवला.
तिनं चारही पानं उलटली.
अगं, पण तू तशी वाटत नाहीस!

सेहेचाळीस वर्षं वाटतच होते की मी तशी.
नाव नव्हतं तेव्हा सगळ्या गावाला दिसत होतं.
नाव मिळालं
आणि दिसेनासं झालं.

देवळात आता प्लॅस्टिकचे आकडे आलेत, चुंबकाचे.
सरळ राहतात. बघवत नाही.
जुना सात मी मागून घेतला,
स्वयंपाकघरात मुद्दाम सैल खिळ्यावर टांगला.
तो कलतो. मी सरळ करते. तो कलतो.
माझी एक तऱ्हा, त्याची एक.

परवा बेइंटा आली, बरणी परत द्यायला.
भिंतीकडे बघून म्हणाली, हातोडी आहे का?
घट्ट ठोकून देते.
नको, म्हटलं.
का गं?

मी सांगायला लागले.
पेटीपासून, शनिवारपासून, सगळं, क्रमानं.
किटली दोनदा उकळली.
ती ऐकत होती की नुसती बसली होती,
मला कळलं नाही.
कोट तिनं काढला नव्हता.
पण उठलीही नाही.