लाभ

तू सीमेवर जाऊन बसलीस.
मागं वळून कुणी बघितलं नाही, रीतच तशी.
खोपीचा धूर मार्कंडेयच्या पाण्यावर पांगला
आणि अकरा वर्षांनी भरलेली यात्रा
एका रात्रीत रिकाम्या खळ्यासारखी झाली.

उरलो आम्ही दोघं, आणि हुंडी.
मी सोसायटीतला निवृत्त कॅशियर
आणि पंचांच्या वतीनं भरमाण्णा,
ज्याचा हिशेब कानडीत चालतो, भांडण मराठीत.

शाळेच्या वर्गात सतरंजी घातली, पेटी उलटी केली.
आधी हळद पडली, ओंजळभर.
मग नाणी, मग नारळाच्या पाण्यानं चिकटलेल्या नोटा,
एक हिरवी बांगडी,
वहीच्या पानावर शिसपेन्सिलीनं :
‘मंगळवारी ऑपरेशन आहे. बघ.’
काय बघ, ते तू समजून घ्यायचं.

आणि रुमालात, सात घड्या घातलेल्या,
पाचशेच्या चार जुन्या नोटा. बाद झालेल्या.
तांदळाच्या डब्यात कुणी जपल्या असतील,
नवऱ्याला न सांगता,
तारीख गेल्यावर आठवल्या असतील.
बँकेनं नाही म्हटलं. तू घेतल्यास.
‘ह्या कशात धरायच्या?’ भरमाण्णा म्हणाला.
मी लिहिलं : नग चार.
रकमेचा रकाना कोरा ठेवला.

आई, तुला खरंच पैशातलं काही कळत नाही काय की?

चाळीस वर्षं मी तुला मोजलं,
ओल्या स्पंजावर बोट टेकून, रबर लावून.
चुकून पाय लागला तर हात कपाळाला नेला.
पण पगाराच्या दिवशी तू मला देवी वाटली नाहीस,
कमी वाटलीस.
चंचल म्हणून नाव तुला ठेवलं;
हात तर माझेच हलत होते.

होन्नाटात तुला खांद्यावर नाचवताना
भरमाण्णा कानात ओरडला होता,
होन्नु म्हणजे सोनं रे, हा सोन्याचा खेळ!
वरून भंडारा, खाली सगळी गल्ली एका रंगाची,
कुणाचं देणं कुणाकडं, ओळखू येईना.
तेवढाच वेळ.
दुपारी नळावर तोंडं धुतली की परत जो तो.

रात्री दोनला बेरजा जुळेनात.
माझी एका रुपयानं कमी.
तीनदा मोजलं, तीनदा तेच.
‘तुझा पहिला जातो कुठं?’ भरमाण्णानं विचारलं,
आणि मोजताना माझ्या हाताकडं बघत बसला.
मग हसला.
माझ्या गुडघ्याजवळ एक रुपया, एकटा.
झोपेत मी म्हणत होतो : लाभ,
आणि तो बाजूला ठेवून, एक, दोन, तीन.

वडील भाताच्या राशीवर असंच मापायचे.
पहिली पायली टाकताना ‘लाभ’,
दुसरीला थेट ‘दोन’.
एक कुठं गेला, मी विचारलं होतं, सहा-सात वर्षांचा असेन.
‘एक म्हणायचं नसतं.
पहिल्यावर आपलं नाव लागत नाही.’
एवढंच. तंबाखू मळत म्हणाले, ‘पोतं धर नीट.’
पुढं सोसायटीनं मला एकपासून शिकवलं.

तो रुपया ढिगात टाकला. जुळलं.
भरमाण्णा तिथंच आडवा झाला, उशाला रिकामी पेटी.

सकाळी बँकेत मशीन हळदीनं अडकलं.
काउंटरवरची पोरगी वैतागली, ‘झाडून तरी आणा!’
मग आम्ही पायरीवर बसून नोटा झाडल्या,
दोघं म्हातारे, गड्ड्यांमागून गड्ड्या,
पायरी पिवळी होईपर्यंत.

पेन्शनला आलेली एक बाई थबकली.
आम्हाला काही विचारलं नाही.
वाकून चिमूटभर धूळ उचलली, कपाळाला लावली,
उरलेली पासबुकात ठेवली
आणि रांगेत जाऊन उभी राहिली.