पाव इंच

शाळेची एक गोधडी होणार आहे,
प्रत्येक घरातून नऊ इंचांचा एक चौकोन.
"आईचा नको, ती मशीनवर झटक्यात करेल.
तू कर," केतकी फोनवर म्हणाली.
"आणि उंट नको हं. तुझ्या खिडकीतून दिसतं ते."

माझ्या खिडकीतून दिसतं:
पाण्याचा टँकर, कुंपणाची जाळी, जाळीत अडकलेली पिशवी,
आणि लांब, रिफायनरीच्या चिमणीवर
रात्रंदिवस जळणारी ज्योत.
आम्ही तिला फ्लेअर म्हणतो. तिच्याकडे कुणी बघत नाही.

अठरा वर्षं मी जुबैलमध्ये लोखंड कापतो.
बारा मिलिमीटरची प्लेट, खडूची रेघ, रेघेवर गॅस.
कापडही तसंच कापलं, रेघेवर, नेमकं.
जुन्या बॉयलरसूटच्या पाठीचं निळं आभाळ,
चादरीची पांढरी चिमणी,
सेफ्टी जॅकेटची नारिंगी ज्योत.
घेऊन गेलो कॅम्पामागे, हसनमियाँ हुर्झुकांच्या टपरीत,
जिथे ते दिवसभर लोकांच्या चेनी बदलतात.

"माया कुठाय?" चष्म्यावरून बघत ते म्हणाले.
मला वाटलं, बायकोचं नाव चुकीचं लक्षात राहिलंय.
"कापडाची माया, बाबा. रेघेबाहेर पाव इंच.
आत दुमडायला. तू तर सगळी कापून टाकलीस."
मी म्हटलं, पत्र्याला कोणी माया ठेवत नाही.
"म्हणून तर त्याला जोडायला जाळावं लागतं,"
आणि सुईत दोरा ओवून माझ्या हातात दिली.

गोधडी हा त्यांचा श्रीवर्धनचा शब्द.
आमच्या गडहिंग्लजकडे वाकळ.
त्यावर अर्धा तास गेला, चहा गेला.
मग त्यांनी चपलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर
नवी ज्योत काढून दिली.

शुक्रवार, खालचा पलंग, दार बंद.
वरून बिहारचा रामाशीष वाकून बघतो,
काही बोलत नाही, मोबाईलची बॅटरी लावून धरतो.
आधी कच्चा दोरा, लांब लांब टाके, नंतर उसवायचेच आहेत.
वळणावर कातरीचे बारीक चावे,
नाहीतर कडा आवळते, रुसल्यासारखी.
आणि टोक. टोकाला देव आठवतो.
आधी शेंडा खाली दुमडायचा, मग डावी बाजू, मग उजवी,
आणि एवढ्याशा जागेत तीन घड्या गर्दी करतात,
सुई जाते तिथून बोट येतं.
निळ्यावर एक लाल ठिपका पडला.
रामाशीष म्हणाला, थूक लाव, जातो. गेला नाही.

तुरपाईचे टाके म्हणे दिसू नयेत.
माझे सगळे दिसतात. मोजले, एकशे बेचाळीस.
वेल्डिंग असतं तर इन्स्पेक्टरने
लाल खडूने सगळंच फेल केलं असतं.
हसनमियाँनी नखाने एक टाका उचलून पाहिला,
"धरलंय," म्हणाले. एवढंच.

बेळगावचा परशराम रजेवर निघाला,
त्याच्या बॅगेत खजुराच्या डब्याखाली चौकोन गेला.
आठव्या दिवशी फोटो आला.
बाईंनी तिसऱ्या रांगेत लावलाय,
उलटा.

खाली नारिंगी टोक, वर पांढरा दांडा.
"बाबा, सगळ्यांना तुझं गाजर आवडलं!
बाईंनी वरती हिरव्या दोऱ्याची पानंही काढली."
मी विचारलं, तुला काय वाटलं होतं?
ती थांबली. नेट अडकलं की ती थांबली, कळेना.
"मला आधीच माहीत होतं ती आग आहे.
पण गाजर म्हटल्यावर सगळे हसले ना,
मग मी पण."

मी तिला रक्ताचा ठिपका शोधायला सांगितला.
पानाखाली गेलाय, म्हणाली. चाचपून बघितला,
तिथे जरा जाड लागतं.

संध्याकाळी टपरीत गेलो, सगळं सांगितलं.
हसनमियाँ पोट धरून हसले,
डोळे पुसले, चष्मा पुसला,
मग हात पुढे केला:
"माझी सुई?"