चालत किती मिनिटं

सोळा वर्षं कापडाच्या दुकानात मीटर धरला.
दुकान गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
त्रेचाळिसाव्या वर्षी परीक्षा दिली, नोंदणी क्रमांक आला,
कार्डं छापली दोनशे:
विश्राम तोरसकर, इस्टेट एजंट, भांडुप पश्चिम.
बायको म्हणाली, नाव तरी शोभतंय
घर शोधून दमलेल्यांना.

लखानीशेठनी कोपऱ्यातलं टेबल दिलं, निम्म्या भाड्यावर,
आणि धडे फुकट:
स्टेशन कायम पाच मिनिटांवर असतं.
अंधाऱ्या खोलीला थंड म्हणायचं.
चढ असेल तर म्हणायचं, तब्येतीला बरा.
आणि पाणी?
पाण्याचा विषय गिऱ्हाइकाने काढू दे.

रविवारी मी घड्याळ लावून चाललो.
शिवनेत्र सोसायटी ते स्टेशन: अकरा मिनिटं.
परतताना चढ, हातात भाजी: सोळा.
वहीत लिहून ठेवलं.

कापड ताणून धरलं की मीटरमागे दोन बोटं
गिऱ्हाइकाची जातात,
हे हातांना ठाऊक होतं.
इथे भिंती ताणतात.
साडेसहाशे म्हणे; त्यात जिना आला, लिफ्ट आली,
वॉचमनची खुर्चीसुद्धा आली.
मी आतून मोजलं. चारशे बारा.
तेही लिहिलं.

त्या वहीपायी पहिल्या तीन महिन्यांत
चार गिऱ्हाइकं गेली.
एकाने विचारलं, विकताय की पळवून लावताय?
घरी डाळ पातळ झाली.
कुणी काही बोललं नाही,
मीही दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

मग तहसीन परकार आल्या,
मुलुंडच्या हॉस्पिटलात नर्स, बरोबर आई.
घर आवडलं. खिडकीबाहेर हात काढून
त्यांनी वारा बघितला.
सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं, नाव विचारलं,
म्हणाले, सांगून टाका, फ्लॅट गेला.

धंद्यात हे वाक्य शिवून तयार असतं,
नुसतं अंगावर चढवायचं.
तीन मजले उतरेपर्यंत
मी ते तोंडात घोळवून बघितलं.
खाली आल्यावर म्हणालो,
फ्लॅट आहे. ते तुम्हाला देत नाहीयेत.

आई चपलेचा पट्टा लावत राहिली, लागलेलाच.
तहसीनबाई म्हणाल्या, सतरावा हा.
आधीचे सोळा 'गेले'.
मला वाटायला लागलं होतं
की माझ्या पुढे कुणीतरी धावतंय,
दर वेळी दोन मिनिटं आधी पोचतंय.

खरं बोललो म्हणून छाती भरून वगैरे आली नाही.
दोघींना घर नव्हतंच, पूर्वीसारखं.
आणि मी अडवायच्या आत
रिक्षाचे पैसेही त्यांनीच दिले.

अठराव्या, एकोणिसाव्या मालकाशी मी आधी बोललो.
नाव आधी, चहा मग.
दोन्हीकडे चहा आलाच नाही.
विसाव्या दारात दमयंतीबाई खोत, टेंभीपाडा,
वय एक्याऐंशी, गुडघे त्याहून जुने.
म्हणाल्या, नर्स? वरच्या मजल्यावर?
मग भाडं मीच द्यायला हवं की रे.
(घेतलं मात्र पूर्ण. एक रुपया सोडला नाही.)

करार झाला. दलालीची पावती फाडून दिली,
पावतीपुस्तकातली पहिली.
किल्ली देताना वही वाचली:
पाणी साडेपाच ते सव्वासहा.
बाथरूमची कडी खालून ढकलायची.
शेजारचा मुलगा तबला शिकतो, अजून नीट येत नाही.
बेडरूममध्ये दुपारी तीनपासून ऊन;
रात्रपाळीवाल्यांनी जाड पडदा लावावा.
स्टेशन, चालत, एकोणीस मिनिटं.

पडद्याला कापड किती लागेल? त्यांनी विचारलं.

मी खिशातून टेप काढला,
न ताणता खिडकीवर धरला,
आणि धुतल्यावर आटेल तेवढं धरून
आकडा सांगितला.